पेजफाइल एसएसडीवर, लग्नाचे फोटो हार्ड डिस्कवर: वाशीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार. (सही 'वाशीचे काका' अशी केलीत, म्हणून मीही काकाच म्हणतो.) प्रतिक्रिया झणझणीत आहे, आवडली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की विंडोज, पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज जिचा आधार घेतं ती फाइल), टेम्प फोल्डर (तात्पुरत्या फाइल्सचा) आणि लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग (फोटोंच्या नोंदी) एसएसडीवर, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर ठेवा. फोटो, व्हिडिओ हार्ड डिस्कवर. त्यावर तुम्ही म्हणता, "कचरा चांदीच्या डब्यात आणि सोनं पत्र्याच्या, हा कुठला न्याय? शिवाय एसएसडी लिहून लिहून झिजते. तिच्यावर पेजफाइल ठेवणं म्हणजे तिला हाताने मारणं."

सोनं की कचरा, हा निकषच मला मान्य नाही. आमच्या ठाण्यात जांभळी नाक्यावरच्या होलसेल दुकानात बघा. तांदळाची पोती मागे गोदामात, वही गल्ल्यापाशी. पोती लाखाची, वही पन्नास रुपयांची. पण वही दिवसातून शंभरदा उघडावी लागते. लाइटरूमचा कॅटलॉग ही तशीच वही आहे; फोटो म्हणजे पोती.

हार्ड डिस्कची अडचण सरसकट वेगाची नाही, शोधाशोधीची आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. वाचणारं हेड योग्य वर्तुळावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद, मग हवा तो भाग खाली यायला सरासरी अर्धी फेरी. म्हणजे विखुरलेले तुकडे सेकंदाला ऐंशीच्या आसपास. तुकडा ४ केबीचा असेल तर हिशेब सेकंदाला जेमतेम ३२० केबीवर येतो! तीच डिस्क सलग वाचताना दीडशे एमबी सहज देते. विंडोज सुरू होताना असेच हजारो बारीक तुकडे मागते, म्हणून जुनं मशीन चहा होईपर्यंत घुमत बसतं. उलट २५ एमबीची रॉ फाइल (कॅमेऱ्यातला प्रक्रिया न केलेला फोटो) किंवा बारशाचा व्हिडिओ सलग वाचला जातो. तिथे हार्ड डिस्क कुठेच कमी पडत नाही.

आता पेजफाइल. विंडोज ७ च्या वेळी, २००९ साली, मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरांनी प्रत्यक्ष वापराची आकडेवारी तपासली होती. पेजफाइलमध्ये एकदा लिहिलं जातं तेव्हा साधारण चाळीसदा वाचलं जातं, आणि तेही बहुतेक लहान लहान तुकड्यांत. एसएसडीला याहून सोयीची फाइल शोधून सापडायची नाही.

झिजण्याबद्दल तुमचं तत्त्व बरोबर आहे, प्रमाण चुकतंय. माझ्या ५०० जीबीच्या एसएसडीची वॉरंटी ३०० टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी) लिखाणाची आहे. पेजफाइल, टेम्प, ब्राउझरची कॅश, सगळं तिच्यावरच. चार वर्षांत ३७ टीबी झाले. याच चालीने ३०० गाठायला अजून अठ्ठावीस वर्षं लागतील. तोवर ती लावायला मदरबोर्ड तरी मिळेल का?

आणि एसएसडी मरतात त्या झिजूनच, असंही नाही. मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो मी एका एसएसडीवर टाकले होते. जेमतेम सहा टीबी लिहिलेली. एका सकाळी ती दिसायचीच बंद झाली. हार्ड डिस्क निदान टकटक करून इशारा तरी देते बरेचदा. हिने तेवढंही केलं नाही. डेटा काढून देणाऱ्याने मान हलवली. फोटो वाचले ते मावशीच्या नेरूळच्या घरी एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर प्रत होती म्हणून. ट्रान्स-हार्बर लोकलने जाऊन घेऊन आलो. तेव्हा सोन्यासाठी डबा कुठला हे दुय्यम आहे. प्रती किती, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात आहे का, ते आधी. २६ जुलै २००५ ला ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही सुचवलंत तसं सगळे फोटो एक्स्टर्नल एसएसडीवर भरून कपाटात ठेवणं तर मला अजिबात पटत नाही. लिखाणाची मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष डेटा टिकवावा, एवढीच एसएसडी उद्योगाच्या मानकाची अपेक्षा आहे. नवीन एसएसडी जास्त टिकवते, हे खरं. पण आपल्याकडे मे महिन्यात ३० अंश म्हणजे गारवा!

एका बाबतीत मात्र कान पकडतो. तुमच्याकडे १२० जीबीचीच एसएसडी आहे, आणि माझा लेख ५०० जीबी गृहीत धरून लिहिलेला होता. ठासून भरलेल्या एसएसडीला एक तुकडा लिहायला आधी चार हलवावे लागतात. ती मंदावते आणि झिजतेही लवकर. पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा. पेजफाइल तिथेच राहू द्या, हायबरनेशन (रॅममधलं काम डिस्कवर लिहून मशीन बंद करण्याची सोय) बंद करा. ८ जीबी रॅमवर साधारण ३ जीबी मोकळे होतील. मशीन लवकर सुरू करणारी फास्ट स्टार्टअपची सोय त्याबरोबर जाईल, पण एसएसडीवर त्याची उणीव भासत नाही. डाउनलोड्स फोल्डर खुशाल हार्ड डिस्कवर हलवा.

आणि तुम्ही लिहिलंय की "बॅकअप डी ड्राइव्हवर आहे". विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा. सी आणि डी एकाच आडव्या ओळीत दिसत असतील, तर ती एकच डिस्क आहे; ती गेली की बॅकअपही गेला. काय दिसतं ते इथेच खाली कळवा.