‘अकरावीला कॉम्प्युटर घेऊ नका’ : त्या मेसेजचा पंचनामा

रात्री साडेदहाला फुलेवाडीहून ताईचा फोन. "पोरगी रडाय लागलीया. तो मेसेज वाचलास काय तू?"

वाचला होता. पाहुण्यांच्या ग्रुपवर तो दिवसभरात तीनदा आला होता. वर ‘पालकांनो सावधान!’, खाली सात मुद्दे, प्रत्येकापुढे लाल उद्गारचिन्ह. सार असं : एआयमुळे कोडिंग संपलं, अकरावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलं की केमिस्ट्री सुटते आणि इंजिनिअरिंगचं दार बंद होतं, मेडिकलचंही बंद, मराठी माध्यमाच्या मुलांना हे झेपत नाही, लाखाचा लॅपटॉप लागतो, मुलींनी तर या वाटेला जाऊच नये, रात्रपाळ्या कराव्या लागतात आणि स्थळं येत नाहीत, वर आणि अभ्यासक्रम जुनाट. एवढं सगळं सांगून झाल्यावर तळाला एका मेडिकल प्रवेशाच्या क्लासचा फोन नंबर. तो कुणाला दिसला नाही.

फोनवर मागून भाचीचा आवाज आला, "मामा, मी बायोच घेतो मग." (कोल्हापूरची पोर, ‘घेतो’च म्हणणार.) दोन वर्षं कॉम्प्युटर कॉम्प्युटर करणारी पोरगी एका फॉरवर्डवर पलटी खाते म्हटल्यावर माझं डोकं सणकलं. म्हणून हे लिहितोय.

आधी इंजिनिअरिंगच्या दाराचं बघू, कारण रडू त्यानेच आलं होतं. बारावी सायन्सला कॉम्प्युटर सायन्स हा द्विलक्षी, आपल्या भाषेत बायफोकल, विषय आहे. दोन पेपर, एकूण २०० गुण. तो घेतला की १०० गुणांची दुसरी भाषा आणि १०० गुणांचा एक विषय सोडावा लागतो. इंजिनिअरिंगला जाणारी मुलं बायोलॉजी सोडतात. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स जागच्या जागी राहतात. मग केमिस्ट्री सुटते हे कुणी सांगितलं?

बरं, समजा सुटली. राज्याच्या सीईटी सेलची इंजिनिअरिंग प्रवेशाची माहितीपुस्तिका उघडा. पात्रतेचा नियम पांढऱ्यावर काळं छापलेला आहे : बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स सक्तीचे, आणि त्यांच्या जोडीला केमिस्ट्री, बायोलॉजी, कॉम्प्युटर सायन्स, आयटी वगैरे यादीतला कुठलाही एक विषय. गुण किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. म्हणजे ज्या विषयाने दार बंद होतं म्हणून बोंब मारली, तो विषय दार उघडणाऱ्यांच्या यादीत नावानिशी बसलाय! मेसेज लिहिणाऱ्याने ते पान वाचलं नसणार, किंवा वाचून गिळलं असणार. सीईटीच्या पेपरात केमिस्ट्रीचे ५० प्रश्न असतातच, त्यामुळे ती सोडा असं मी म्हणत नाही. आणि उलटी भीतीही नको. अकरावीला कॉम्प्युटर घेतलं नाही म्हणून पुढे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळत नाही, असंही कुठे लिहिलेलं नाही. बायो घेऊन गेलेली पोरं तिथे ढिगाने आहेत.

आता एआय.

उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. दोन व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅम देऊन चालवायची कापाई-भोकाईची मशीनं, आणि एक लेथ. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून देतो. मागे एका फ्लॅन्जला, म्हणजे पाइप जोडायच्या चकतीला, चार भोकं मारायची होती, तर हौसेने मोबाईलवर एआयला प्रोग्रॅम विचारला. अर्ध्या मिनिटात आला. ओळीखाली ओळ, एकदम टापटीप. आमचा ऑपरेटर आठवी पास, पण बावीस वर्षं मशीनवर उभा. त्याने एकदा वरून खाली वाचलं आणि म्हणाला, "मालक, ह्यात जी फोर्टीथ्री कुठाय?"

नव्हताच. जी४३ म्हणजे टूलची लांबी हिशोबात धर, अशी मशीनला आज्ञा. ती दिली नाही तर मशीन समजतं की पुढे टूल नाहीच, आणि स्पिंडलचं, म्हणजे टूल धरून फिरवणाऱ्या भागाचं, तोंड जॉबच्या वर पाच मिलिमीटरवर आणायला सुसाट खाली येतं. मध्ये शंभर मिलिमीटरचं ड्रिल लावलेलं असतं, ते कुठे जाणार? जॉबमध्ये, नाहीतर जॉब धरणाऱ्या वाइसमध्ये. वर स्पिंडलच्या बेअरिंगचं बिल माझ्या नावावर.

एआय लिहितो हे खरं आहे. मीही लिहून घेतो, खोटं कशाला बोलू. नुसतं इकडचं तिकडे चिकटवून पगार घेणाऱ्यांचं पुढे कठीण आहे, तेही मान्य. पण त्याने लिहिलेलं वाचून ‘ह्यात अमुक कुठाय’ विचारणारा माणूस कुठून आणणार? तो आधी शिकावाच लागतो. कोडिंग संपलं म्हणून शिकू नका म्हणणाऱ्याने माझ्या मशीनवर तो प्रोग्रॅम तसाच चालवून दाखवावा. बिल मात्र त्याचं.

मेडिकलचं म्हणाल तर अर्धं खरं आहे. नीटला बायोलॉजी लागतं आणि बायफोकलमध्ये बहुतेकांचं ते सुटतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी देऊन येणाऱ्यांना वाट करून दिली आहे, पण ती आडवाट. डॉक्टर व्हायचंच असेल तर सरळ बायो घ्या. भाचीला रक्त बघून चक्कर येते, तिच्यापुरता हा प्रश्न नाही. आणि दोन्ही दगडांवर पाय ठेवायचाच असेल तर आयटी हा वेगळा, १०० गुणांचा विषय आहे. तो दुसऱ्या भाषेच्या जागी घेतात, बायो शाबूत राहतं. मेसेजमध्ये आयटी आणि कॉम्प्युटर सायन्स एकच धरलेत.

मराठी माध्यमाचं काय ते? अकरावी सायन्सला गेल्यावर फिजिक्सही इंग्रजीतच असतं. तिथे झेपतं आणि इथे झेपत नाही?

लॅपटॉपचं उत्तर भाचीने मे महिन्यातच दिलंय. माझ्याकडे येऊन बसायची, मोबाईलवरच पायथन ही कोडिंगची भाषा शिकायची. एक दिवस गोल बारचं वजन काढायचा प्रोग्रॅम लिहिला. सूत्र आमचं रोजचं, मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, मीटरला इतके किलो. पंचवीसचा बार टाकला, उत्तर आलं ०.३०९. ती उठली, रॅकमधला पंचवीसचा तुकडा उचलून बघितला आणि म्हणाली, "एवढा हलका नाही हा." मग सापडलं : वर्गासाठी दोन फुल्या द्यायच्या होत्या, तिने एकच दिली होती, म्हणजे नुसती दोनने गुणाकार. सुधारलं, ३.८५८ आलं. लाखाचा सोडा, तिचा मोबाईल ताईचा जुना आहे.

तेव्हा ‘मुलींनी जाऊच नये’ हे वाचून मला हसू आलं नाही, रागच आला. एनिअ‍ॅक या सुरुवातीच्या कॉम्प्युटरचे पहिले प्रोग्रॅमर म्हणून ज्या सहा जणांची नावं घेतात, त्या सहाही बायका. ते लांबचं वाटत असेल तर आपल्याच गावात बघा. शाहू महाराजांनी रखमाबाई केळवकरांवर मुलींच्या शाळांची जबाबदारी सोपवली आणि त्यांची लेक कृष्णाबाई डॉक्टर झाली. तेव्हाही स्थळांची काळजी करणारे काका गावात असणारच. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत.

जुनाट अभ्यासक्रमाचं मात्र, नाइलाजाने, मान्य. वर्षानुवर्षं पोरं ८०८५ मायक्रोप्रोसेसर शिकत आली, आणि ती चिप १९७६ ची. माझ्यापेक्षा थोडीच लहान. शिकवणारा चांगला असेल तर त्यातूनही मशीन आतून कसं चालतं ते कळतं. नसेल तर पाठांतर होतं. म्हणून विषयाच्या नावापेक्षा कॉलेजची लॅब बघून या, प्रॅक्टिकल खरंच होतात का ते दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा.

आणि एक खरा तोटा त्या सात मुद्द्यांत आलाच नाही. बायफोकल घेतलं की दुसरी भाषा जाते, म्हणजे बहुतेकांची मराठी. पोरीच्या स्थळाची एवढी काळजी वाहणाऱ्यांना हे दिसू नये? मी ताईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली. म्हणाली, "तेवढं वाईट वाटतंय." मलाही वाटतं.

उद्या दोघी वर्कशॉपवर येणार आहेत. फॉर्म भाचीच भरणार, मी फक्त चहा सांगणार.