पत्रा जूनमध्ये उडत नाही

गेल्या वर्षी वैशाखात आमच्या गच्चीवरचा पत्रा उडाला आणि शेजाऱ्यांच्या स्कूटीवर जाऊन पडला. कुणाला लागलं नाही, सिद्धेश्वराची कृपा. स्कूटीचं तोंड मात्र गेलं. संध्याकाळी शेजारची सून दारात येऊन एवढंच म्हणाली, "काकू, तुमचं सामान आमच्याकडं आलंय." मी आधी हसले आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण त्या पत्र्याचे दोन बोल्ट ढिले आहेत हे मला दिवाळीपासून माहीत होतं. "मृगाच्या आधी करून घेऊ" असं आमचं घरात ठरलेलं होतं.

मृगाच्या आधी! 7 जूनच्या आधी कौलं चाळायची, पत्रे ठोकायचे, हा हिशेब कोकणात बरोबर आहे. आपल्या सोलापुरात मृग येतो, चार शिंतोडे टाकतो, जुलै आभाळाकडं बघण्यात जातो आणि खरा पाऊस सप्टेंबरात. त्या पावसात पत्रा गळतो. उडतो तो चैत्र-वैशाखात, जेव्हा आपल्या डोक्यात फक्त ऊन असतं. मग तयारी जूनची कशाला? मी तर म्हणते, होळी पेटली की शिडी लावावी.

आणि दर वर्षी "अचानक आलेल्या अवकाळीने" ही बातमी वाचताना मला प्रश्न पडतो, की यात अचानक काय आहे? माझी आजी याला वळीव म्हणायची. वळवाला तिच्या वर्षात जागा होती, माठाला असते तशी. फेब्रुवारी-मार्चमध्ये आला तर तो अवकाळी, मान्य. 2014 च्या मार्चमध्ये ज्या गारा पडल्या त्या आपल्या जिल्ह्यातले द्राक्ष-डाळिंबवाले आजही विसरलेले नाहीत. पण एप्रिल-मेमधल्या वादळालाही आपण अवकाळी म्हणायला लागलो, आणि नाव बदललं तशी तयारी पण सुटली.

आपल्याकडं पाऊस दहा मिनिटं आणि वारा मात्र घर हलवणारा, असं का, हे मी लेकाकडून समजून घेतलं. दिवसभर 42-43 अंशांत जमीन तापते, तापलेली हवा वर चढते, समुद्राकडून आलेली ओल तिला मिळाली की दुपारनंतर ढग उभे राहतात. ते ढग उंचावर असतात आणि खाली सगळी कोरडी हवा. पाऊस पडता पडता वाटेतच वाळतो. त्यानं हवा गार आणि जड होते आणि वरून धाडकन खाली आदळून चारी बाजूंना पसरते. म्हणून आधी धूळ, मग मातीचा वास, मग वारा, आणि पाऊस आलाच तर शेवटी.

पत्र्याचंही तसंच. वाऱ्यानं पत्रा ढकलला जातो असं मला वाटायचं. खरं तर वरून वारा जोरात गेला की पत्रा वर ओढला जातो, आणि खालचं दार उघडं असेल तर आत शिरलेला वारा त्याला खालूनही उचलतो. त्यामुळं वादळात वाऱ्याच्या बाजूची दारं-खिडक्या आधी लावायच्या. आणि पत्र्यावर दगड, जुनी टायरं ठेवायची आपली पद्धत आहे ना, तिच्यावर माझा आता अजिबात विश्वास नाही. पत्रा गेला तर दगड पण जातो, आणि तो स्कूटी बघून पडत नाही. बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर हवा, खाली रबरी वायसर हवा. उन्हानं ते रबर वाळून तडकतं, भोक मोठं होतं. आमचं तेच झालं होतं.

त्या दिवशी चार वाजता अक्कलकोटच्या बाजूनं काळं आलं. पाऊण तासात पत्रा गेला, कूलर आडवा, हिरवी नेट फाटून तारेवर लोंबत, लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. कळस म्हणजे त्याच रात्री नळाची पाळी! चार-पाच दिवसांनी येणारं पाणी आलं आणि मोटार लावायला करंट नाही. रात्री दोन वाजता मी आणि मुलगी घागरींनी पाणी वर नेत होतो. वादळाच्या तयारीत पाण्याची पाळी मोजायची असते हे कुठल्याही सूचनापत्रकात लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

नंतर सगळं आवरताना एक गोष्ट लक्षात आली. उन्हासाठी आपण वर जे जे बांधतो, ते सगळं वाऱ्याला शिडासारखं होतं. नेट, ताडपत्री, कूलरचा स्टँड, बांबूचा मांडव. आता आमच्या नेटच्या दोन कोपऱ्यांना सुरगाठ असते, ओढली की नेट खाली. गच्चीला चुना मारला, त्यानं उकाडा थोडा कमी झाला आणि नेटही छोटी झाली. चुना उडत नाही.

आता खरा भांडणाचा विषय, वाळवण. तुम्ही म्हणाल पत्र्यावरून कुरडईवर कुठं आली. पण वादळ आलं की गच्चीवर कोण धावतं? घरातली बाई. तीन दिवस गहू भिजवा, रोज पाणी बदला, चौथ्या दिवशी वाटून चीक काढा, शिजवा, सोऱ्यानं घाला, आणि आभाळ गडगडलं की जिवावर उदार होऊन वर पळा. भोवती सगळ्यात उंच आपणच, आणि हातात लोखंडी घमेलं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांच्या आत असेल, तर ती साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे तुमच्या गच्चीवर पण पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. फोनवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप टाकून घ्या, जवळपास वीज असली तर ते आधी सांगतं. कडुलिंबाच्या झाडाखाली तर मुळीच थांबू नका, सावली चांगली असली तरी.

आमच्या आत्यांना (सासूबाई, आमच्याकडं आत्याच म्हणतात) हे पटत नाही. "आम्ही काय मेलो का मग?" या वाक्याला उत्तर नसतं. तडजोड म्हणून आता कुरडया जमिनीवर न घालता बाजेवर घालतो, दोघींनी उचलली की थेट जिन्याच्या खोलीत. पण अट एकच: पहिला गडगडाट व्हायच्या आधी. तो झाला की बाज राहू दे तिथंच.

या वर्षी होळीनंतर फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं तर तो म्हणतो, "आत्ता कशाला ओ ताई, जूनला लै टाईम हाय की." दोनदा फोन करून, चहा पाजून आणला त्याला. बोल्ट बसले.

आणि परवा दुपारी आभाळ भरून आलं. मी मोजत होते. वीज, एक, दोन... अठराला गडगडलं. आत्या जिन्यात, मी त्यांचा हात धरून, बाज वर. वीस मिनिटं नुसती धूळ, आणि चार थेंब. वर गेलो तर कुरडया जाग्यावर, पण अशा मातकट की उकिरड्यावरनं आणल्यासारख्या. पत्रा हलला सुद्धा नाही.

आत्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.