आखाजीचे पाहुणे आणि अल्ट्रॉन

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात जळगावात दुपारी ३च्या शोला जाणारा माणूस कलेसाठी जात नाही. बाहेर पारा ४४च्या घरात असतो, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, आणि तिकिटाच्या पैशांत अडीच तास गारव्याला बसू देणारी जागा म्हणजे थिएटर. हे हॉलिवूडला कुणी कळवलं ठाऊक नाही, पण 'अव्हेंजर्स' ही मार्वलच्या सुपरहिरोंची मंडळी येतात ती नेमकी याच आठवड्यात. 'एज ऑफ अल्ट्रॉन' भारतात लागला २४ एप्रिल २०१५ला, 'इन्फिनिटी वॉर' २७ एप्रिल २०१८ला, 'एन्डगेम' २६ एप्रिल २०१९ला. त्यातही २०१५ साली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली होती २१ तारखेला. म्हणजे लेकी माहेरी आलेल्या, झोके बांधून झालेले, खापरावरची पुरणपोळी रसासोबत ओरपून झालेली, आणि भाचेमंडळी एकाच प्रश्नाला मोकळी : "मामा, पिक्चरले कधी जानं?"

तिकिटं काढणं सोपं. मामाची खरी परीक्षा पुढे असते, दोन पिढ्यांच्या मधल्या खुर्चीत. डावीकडे सगळं तोंडपाठ असलेला भाचा, जो पुढे काय होणार ते आधीच सांगतो. उजवीकडे एसीसाठी आलेले नाना, जे मागे काय झालं ते विचारतात. "हाऊ कोन शे?" हा प्रश्न 'एज ऑफ अल्ट्रॉन'च्या १४१ मिनिटांत किती वेळा येऊ शकतो याचा अंदाज पात्रांची यादी पाहून बांधावा. आयर्न मॅन, कॅप्टन अमेरिका, थॉर, हल्क, ब्लॅक विडो, हॉकआय हे सहा जुने. वांडा आणि पिएत्रो ही जुळी भावंडं नवी. मग व्हिजन. अधूनमधून वॉर मशीन, फाल्कन, निक फ्युरी, मारिया हिल. कोरियाच्या डॉक्टर चो. हात तुटून जाणारा क्लॉ. आणि ज्याच्या नावानं पाटी लागलीय तो खलनायक रोबोट, अल्ट्रॉन.

शिवाय हा मार्वलच्या मालिकेतला अकरावा चित्रपट. आधीचे दहा बघून या, असं नानांना सांगायची सोय नाही. पण दोन तरी हवेतच : २०१२चा पहिला 'अव्हेंजर्स' आणि २०१४चा 'विंटर सोल्जर'. थॉरचा मानलेला भाऊ लोकी याचा राजदंड कुठून आला हे पहिल्यात कळतं. सरकारी गुप्तहेर खात्यात हायड्रा या शत्रू संघटनेचीच माणसं भरली होती हे दुसऱ्यात. हे दोन्ही ठाऊक नसेल तर अल्ट्रॉनची पहिली दहा मिनिटं म्हणजे बर्फाच्या जंगलात कोण कुणाला का मारतंय याचा पत्ता नाही. एवढं नानांच्या कानात सांगून होईस्तोवर मात्र त्या दहा मिनिटांतली खरी चीज निसटते. कॅमेरा झाडीतून धावत सहाही जणांना एकाच सलग शॉटमध्ये गाठतो आणि शेवटी सगळे एका रांगेत हवेत झेपावतात. शॉट संगणकावर जोडलेला आहे, पण कोण काय करू शकतो हे तो एक अक्षर न बोलता सांगून टाकतो. नानांना मीदेखील तेवढंच सांगायला हवं.

थ्रीडीचा मोह इथे टाळावा. हा चित्रपट थ्रीडी कॅमेऱ्यानं घेतलेलाच नाही, साधा चित्रित करून नंतर थ्रीडी केलाय. पोलराइज्ड चष्म्यातून प्रत्येक डोळ्याला निम्म्याहून कमी उजेड पोचतो. प्रोजेक्टरचा दिवा जुना झालेला असेल किंवा वीज वाचवायला कमी ठेवला असेल, तर उरलेला उजेडही जातो. त्यात शेवटची ४० मिनिटं चित्रपटातल्या सोकोव्हिया देशातलं शहर राखाडी, रोबोट राखाडी, धूळ राखाडी. नंबरच्या चष्म्यावर थ्रीडीचा चष्मा चढवलेले नाना अशा वेळी दोन्ही काढून खिशात ठेवतात, आणि एसीची हवा शांतपणे खातात. टूडीचा शो मिळाला तर तोच घ्यावा, मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत, मधोमध.

आता खर्चाचं. या चित्रपटाचा निव्वळ खर्च ३६ कोटी डॉलरच्या पुढे गेला. जळगावचा माणूस कुठलीही रक्कम ऐकली की तिचं सोनं करून बघतो. तेव्हाच्या डॉलरच्या दरानं हे दोन हजार कोटी रुपयांच्या वर जातं. सोनं तेव्हा तोळ्याला २७ हजारांच्या आत-बाहेर होतं, म्हणजे आठ टनांहून जास्त सोनं. आठ टन सोनं पडद्यावर उधळलंय आणि माझं म्हणणं असं, की चित्रपटातला सगळ्यात चांगला प्रसंग एका टेबलावर, चार बाटल्यांत आणि एका हातोड्यात उरकलाय.

पार्टी संपत आलेली. टेबलावर थॉरचा हातोडा. लायक असेल त्यालाच तो उचलता येतो, अशी अट. हॉकआय ओढून बघतो, हलत नाही. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, आधी हातानं, मग लोखंडी पंजा चढवून, मग मित्र रोड्सला जोडीला घेऊन ओढतो. चिडला की हल्क होणारा ब्रूस बॅनर ओरडून चिडल्याचं नाटक करतो आणि कुणी हसत नाही.  मग कॅप्टन अमेरिका मूठ आवळतो, आणि हातोडा किंचित, अगदी सुताएवढा, हलतो. कॅमेरा लगेच थॉरवर. चेहऱ्यावरचं हसू उतरतं, आणि कॅप्टननं हात सोडला की परत येतं. शेवटी नताशा, म्हणजे ब्लॅक विडो, म्हणते, मला या प्रश्नाचं उत्तर नको. सगळं दोन-तीन मिनिटांत. पण यात प्रत्येकाचा स्वभाव आला, भांडणाची बीजं आली, आणि पुढची दोन देणी लागली. पहिलं देणं याच चित्रपटात फिटतं. नुकता जन्मलेला कृत्रिम माणूस व्हिजन चांगला की वाईट यावर सगळे वाद घालत असतात, आणि तो बोलता बोलता हातोडा उचलून थॉरच्या हातात देतो. वाद संपला. दुसरं देणं २०१९च्या 'एन्डगेम'मध्ये फिटलं, कॅप्टननं हातोडा खरंच उचलला, तेव्हा भाचा खुर्चीवर उभा राहून ओरडला असेल तर त्याला माफ करावं.

खानदेशाच्या वेशीवरच्या मालेगावनं हेच फार आधी दाखवून दिलंय. तिथल्या नासिर शेख आणि मंडळींनी हिरवं कापड टांगून आपला सुपरमॅन उडवला, त्यावर फैझा अहमद खान यांनी २००८ साली माहितीपट केला. पैसा नसला तर गंमत सुचावी लागते. अल्ट्रॉनमध्ये पैसा असूनही जिथे गंमत सुचलीय तिथे चित्रपट जिवंत आहे.

दोष कुठे आहे ते सांगायला आपल्याकडचं लग्न पुरेल. ज्या लग्नात मानाचे पाहुणे फार असतात, तिथे प्रत्येकाला टोपी-टॉवेल, प्रत्येकाचं नाव माईकवर, प्रत्येकाचा फोटो, आणि या सगळ्यात नवरदेव कोपऱ्यात घामानं भिजत उभा. अल्ट्रॉन तो नवरदेव आहे. जेम्स स्पेडरचा आवाज त्याला दिलाय आणि तो आवाज अप्रतिम आहे : मंद, घसरता, मधेच दुखावलेला. टोनीनं जन्माला घातल्यामुळे बापाचीच चावटी त्याच्या जिभेवर आहे, ही कल्पनाही हुशार. पण खलनायक दर तिसऱ्या वाक्याला टोमणा मारतो, मग भीती कुणाची वाटायची? कॉमिकमधल्या अल्ट्रॉनचं तोंड म्हणजे एक उघडी, न हलणारी फट. इथे त्याला हलणारे धातूचे ओठ दिले. ओठ आले की हावभाव आले, आणि हावभाव आले की तो रुसलेला वाटतो. शिवाय हा इंटरनेटभर पसरणारा शत्रू. त्याला अण्वस्त्रांचे संकेत चोरता येत नाहीत कारण टोनीचा संगणकी मदतनीस जार्विस लपून ते सतत बदलतोय, हे उत्तर चित्रपट देतो, पण इतक्या घाईत की शेव-चिवड्याच्या पुडीचा आवाज झाला तरी ते हुकतं. हायड्राच्या स्ट्रकरचं तर विचारूच नका. सुरुवातीला तो मोठा म्हणून आणला, आणि मारला पडद्याआड. त्याला टोपी-टॉवेलही मिळाला नाही.

जोहान्सबर्गमधली हल्क आणि हल्कबस्टरची, म्हणजे हल्कला आवरायला टोनी चढवतो त्या अवाढव्य चिलखताची, मारामारी मात्र पैसे वसूल. तुटलेला भाग वरच्या उपग्रहातून नवा येऊन बसतो. एक हात गेला, दुसरा हजर. आणि टोनी हल्कला एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीवरून खाली घालण्याआधी विचारतो की ही विकत घ्यायला किती वेळ लागेल. इथे नाना पहिल्यांदा सावरून बसतात. आधी सौदा, मग पाडापाडी, हा व्यवहार त्यांना पटतो.

सोलमधल्या पाठलागाबद्दल भुसावळकडच्या पाहुण्याला शेजारी बसवू नये. तिथे अल्ट्रॉन रेल्वेच्या पुढच्या डब्यात चालकाची केबिन उडवतो, गाडी रूळ सोडून रस्त्यावरून घरंगळत सुटते, आणि शेवटी वांडाला जादूनं चाकं रोखावी लागतात. लोको शेडमध्ये आयुष्य घालवलेला माणूस हे पाहून अस्वस्थ होतो, कारण एअर ब्रेक उलट चालतो. पाइपमध्ये हवा भरलेली असेल तेव्हा ब्रेक मोकळे; पाइप फुटला, दाब गेला, की ब्रेक आपोआप लागतात. केबिन फोडली तर गाडी थांबायला हवी. हे तो पाहुणा कुजबुजत सांगत नाही. मागच्या चार रांगांना कळतं.

१४१चं निम्मं म्हणजे सत्तर. मूळ चित्रपटाला मध्यंतर नाही, आपल्याकडे थिएटरवाला सोयीनं कापतो. साधारण त्याच सुमाराला सगळी टीम हॉकआयच्या शेतावर पोचलेली असते. बायको गरोदर, दोन पोरं, लाकडी घर, गोठ्यात बिघडलेला ट्रॅक्टर. समीक्षक म्हणाले गती मंदावते. आमच्याकडे उलट. एरवी पेंगणारे पाहुणे इथे जागे होतात. पीक कुठलं, विहीर दिसत नाही, ठिबक का टाकलं नाही, एवढा पगार असून ट्रॅक्टर जुना का. कॅप्टन आणि टोनी लाकडं फोडता फोडता भांडतात आणि कॅप्टन रागाच्या भरात ओंडका हातानंच चिरतो. आठ टन सोन्यातलं मासाभरही इथे लागलेलं नाही, आणि पुढच्या वर्षीच्या 'सिव्हिल वॉर'चं भांडण इथूनच सुरू होतं.

याच शेतासाठी थॉरची गुहा आपल्या गळ्यात पडली. थॉर मध्येच उठून एका गुहेत जातो, पाण्यात उतरतो, किंचाळतो, पुढच्या चित्रपटांतल्या अफाट ताकदीच्या 'इन्फिनिटी' मण्यांची स्वप्नं बघतो, परत येतो. पाहणाऱ्याला काही कळत नाही. दिग्दर्शक जॉस व्हेडन यांनी नंतर जाहीर सांगितलं, की गुहा ठेवली नाहीत तर शेतही कापू असा स्टुडिओचा हट्ट होता. पहिलं संकलन तीन तासांच्या वर गेलेलं, त्यातून ही गुहा तुकड्या-तुकड्यांत उरली. तुमच्यापैकी कुणाला समोसा आणायचा असेल, तर उठायची वेळ हीच. हल्क आणि नताशाच्या प्रेमप्रकरणात दुसरी संधी मिळते, कारण दोघं चांगले नट असूनही ते जमलेलं नाही.

शेवटच्या लढाईला एक दाद द्यायलाच हवी. अख्खं शहर हवेत उचललं जातंय, ते खाली टाकून पृथ्वी संपवायची असा बेत, आणि नायकांचा बराचसा वेळ माणसं बाहेर काढण्यात जातो. लिफ्टमधली माणसं, पुलावरची गाडी, मागे राहिलेला पोर. इमारती पाडताना आत कोण होतं याचा हिशेब बहुतेक सुपरहिरोपट ठेवत नाहीत. इथे ठेवलाय. रोबोट मात्र इतके कच्चे, की बाणानंही पडतात. हॉकआय स्वतःच वांडाला सांगतो, शहर उडतंय, रोबोटांची फौज समोर आहे, माझ्या हातात धनुष्यबाण आहे, यात काही अर्थ नाही. आपणच आपली चूक बोलून दाखवली की टीकाकाराची अर्धी हवा जाते, ही युक्ती मलाही लेख लिहिताना उपयोगी पडते.

आणि पिएत्रो मरतो. चित्रपटानं शेत, गरोदर बायको, घराचं काम, सगळं हॉकआयच्या मरणाची तयारी म्हणून मांडलेलं असतं, आणि ऐनवेळी गोळ्या लागतात पिएत्रोला. फसवणूक सुबक आहे. भाच्याचा प्रश्न मात्र रास्त : "मामा, तो तर गोळीपेक्षा जोरात पळतो ना?" उत्तर असं, की तो स्वतःला नाही, हॉकआय आणि पोराला वाचवत होता, आणि आडवा आल्यावर पळायला जागा उरत नाही. भाच्याला हे पटत नाही. मलाही पूर्ण पटत नाही, पण हॉकआयच्या बाळाचं मधलं नाव पिएत्रो ठेवलं हे सांगितलं की बहीण डोळे पुसते आणि विषय मिटतो.

शेवटी उठायचं कधी? संगमरवरी पुतळ्यावरून नावं सरकतात, मग पुढच्या चित्रपटांतला खलनायक थॅनोस हातमोजा चढवताना दिसतो, मग संपलं. नावांच्या अगदी शेवटी या खेपेला काहीही नाही. आधीच्या चित्रपटांनी सवय लावल्यामुळे सगळं थिएटर तरी बसून राहतं. दिवे लागतात, झाडूवाला पहिल्या रांगेपर्यंत येतो, दार उघडल्यावर बाहेरची गरम हवा आत येते, आणि भाचा म्हणतो अजून एक सीन आहे. नाही. उठा. पार्किंगची रांग वाढेल.

जिन्यावर नाना फक्त एकच विचारतात : "तो हिरवा कोठे गया?" तो विमानात बसून, आवाज बंद करून निघून गेला, आणि चित्रपटानं त्याला तिथंच सोडला. त्याचं उत्तर आलं थेट नोव्हेंबर २०१७मध्ये, तेही थॉरच्या पिक्चरमध्ये, दुसऱ्याच ग्रहावर. तोवर विचारणाऱ्याला म्हणायचं, येईल, कुठं जातो.