आधी जागा बघ, मग कर्नलला हात घाल!

रात्री साडेनऊला माझ्या लिनक्सवाल्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर चौकट आली: अपडेट पूर्ण झालं, लॅपटॉप रीस्टार्ट करा. केला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर गेल्या आणि शेवटची तिथंच थिजली. कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सचा गाभा असलेला कर्नलच अडकून बसला. रूट फाइलसिस्टिम माउंट होत नाही, म्हणजे मुख्य डिस्कच त्याला जोडता येत नाही, अननोन ब्लॉक शून्य-शून्य.

आमचं गाव गोव्यात, फोंड्याजवळ. देवळाच्या जत्रेला मराठी नाटक आहे, तीन अंकी, आणि संहिता टाइप करायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. सकाळी प्रॉम्प्टरच्या प्रती झेरॉक्सला टाकायच्या होत्या. दिग्दर्शकानं तालमीत पेन्सिलीनं केलेल्या तिसऱ्या अंकाच्या दुरुस्त्या अर्ध्या त्या लॅपटॉपवर, अर्ध्या अजून कागदावर.

बिघाड झाला म्हणून मी चिडलेलो नाही. पावसाळ्यात आमच्याकडे कामाच्या ऐन मध्यात लाईट जाते, तेव्हा यंत्र बंद पडणं काय असतं ते मला कळतं. माझा संताप आहे तो ‘पूर्ण झालं’ या दोन शब्दांवर. पूर्ण झालंच नव्हतं! लॉगमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या नोंदींत, स्पष्ट लिहिलं होतं, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. ती ओळ त्या चौकटीनं मला का दाखवली नाही?

झालं होतं ते असं. डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे तिला सांकेतिक कुलूप घातलं, की इन्स्टॉलर बूटसाठी, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या फाइलींसाठी, वेगळा छोटा विभाग काढतो. माझ्याकडे तो 512 एमबीचा. मी निवडला नव्हता, त्यानंच ठरवला. प्रत्येक कर्नलबरोबर एक इनिटरॅमएफएस फाइल तयार होते. लॅपटॉप सुरू होताना मुख्य डिस्क उघडून देण्याचं काम तिचं. ग्राफिक्सची फर्मवेअर कोंबून कोंबून ती आता शंभर-सव्वाशे एमबीची झाली आहे. तीन जुने कर्नल आधीच बसलेले, चौथ्याची फाइल मावली नाही, आणि ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला कोणता कर्नल घ्यायचा ते ठरवणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत मात्र चौथा सगळ्यात वर! किल्ली न देता दार लावून घ्यायचं, यातला प्रकार. मुख्य डिस्कवर दोनशे जीबी मोकळी पडली होती. सुरुवात करण्यापूर्वी बूटमध्ये किती जागा आहे एवढं बघायला कितीसा वेळ लागतो?

कपाटात इन्स्टॉलच्या वेळचा पेनड्राइव्ह होता म्हणून वाचलो. त्यावरून लॅपटॉप सुरू केला, पासफ्रेज, म्हणजे कुलपाचा लांब पासवर्ड, देऊन डिस्क उघडली, नाटकाचं फोल्डर आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतलं. मग मोबाइलवर वाचत वाचत रूट, बूट, ईएफआय हे डिस्कचे विभाग माउंट केले, डेव्ह, प्रॉक, सिस ही यंत्रणेची फोल्डरं बाइंड केली आणि सीएचरूट करून, म्हणजे पेनड्राइव्हवरून लॅपटॉपच्याच लिनक्समध्ये, आत शिरलो. जुने कर्नल काढायला गेलो तर पॅकेजं बसवणारं-काढणारं एपीटी म्हणे, आधी अर्धवट पॅकेज पुरं करा. अर्धवट पॅकेज पुरं करायला गेलो तर जागा नाही. शेवटी सगळ्यात जुनी इनिटरॅमएफएस फाइल जीव मुठीत धरून हातानं उडवली, तेव्हा कुठे डीपीकेजीचं, म्हणजे एपीटीखालच्या प्रोग्रामचं, अर्धवट राहिलेलं काम पार पडलं.

रीस्टार्ट केला. पासफ्रेज विचारलाच नाही! थेट इनिटरॅमएफएसची गोल कंसवाली शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायची नुसती ओळ. आणखी दीड तास गेल्यावर कारण सापडलं. पेनड्राइव्हवरून डिस्क उघडताना मी तिला मनाला येईल ते नाव दिलं होतं. क्रिप्टटॅबमध्ये, म्हणजे कुलूपबंद डिस्कांची नावं असलेल्या फाइलमध्ये, आहे अगदी तेच नाव द्यावं लागतं, नाहीतर नव्या फाइलमध्ये डिस्क उघडण्याची सोयच जात नाही. याचा इशारा आला होता म्हणे, शेकडो ओळींच्या गर्दीत एक ओळ. पुन्हा पहिल्यापासून सगळं.

पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों ऐकू आला तेव्हा लॅपटॉप सुरू झाला होता. आणि मग मला कळलं की यातलं काहीच करायची गरज नव्हती. जुना कर्नल शाबूत होता. सुरू होताना एस्केप दाबला असता तर ग्रबचा मेनू आला असता, त्यातून जुना निवडला असता, दोन मिनिटांत मी तिसऱ्या अंकावर असतो. पण तो मेनू लपवलेला! शून्य सेकंद! का, तर सुरुवात देखणी दिसावी म्हणून. अरे, ज्या दारानं माणूस आगीतून बाहेर पडणार तेच भिंतीत चिणून वर रंग देता? त्यातही एस्केप एकदा जास्त दाबला गेला तर मेनू जाऊन ग्रबचा कोरा प्रॉम्प्ट समोर येतो.

शेजारचे दादा सकाळी म्हणाले, “कित्याक जाय तुका तें लिनक्स?” मला हवं आहे. दहा वर्षांचा हा लॅपटॉप त्याच्याच जिवावर चालतो, मराठी टंकलेखन त्यावर सुखानं होतं. हवं आहे म्हणूनच इतका चिडलो आहे. हे बनवणाऱ्यांना कर्नल लिहिता येतो, मग त्यांना ‘अपडेट फसलं, रीस्टार्ट करू नका’ हे एक वाक्य का लिहिता येऊ नये?

प्रती दुपारी दोनला मिळाल्या, संध्याकाळची तालीम तासभर उशिरा लागली, दिग्दर्शकाची बोलणी मी खाल्ली. मेनू आता पाच सेकंद दिसेल असं करून ठेवलंय. बूटची जागा वाढवायची तर एन्क्रिप्ट केलेला विभाग लहान करावा लागतो, त्याला जत्रा होईपर्यंत मी हात लावणार नाही.

काल रात्री ती चौकट परत आली. नवा कर्नल आलाय म्हणते.