सिग्नल तोडा, बोनस मिळवा

नाशिकमधल्या एखाद्या गाडीवर वीस ई-चलानं थकलेली असू शकतात आणि तरी तिच्या मालकाला विमा रिन्यू करताना पन्नास टक्के नो क्लेम बोनस मिळू शकतो. यात कसलीही लबाडी नाही, नियमच तसा आहे. कंपनी एवढंच बघते की गेल्या वर्षी क्लेम घेतला का. नसेल घेतला तर ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, प्रीमियमवर पहिल्यांदा २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षं झाली की ५०. द्वारकेला राँग साइड घुसा, मुंबई नाक्याला लाल दिवा तोडा, बोनसला धक्का नाही. पण कॉलेज रोडला नीट लावलेल्या तुमच्या गाडीला कुणी ठोकून पळालं आणि तुम्ही बंपरचा क्लेम घेतलात, की इतक्या वर्षांचा बोनस शून्यावर. (जादा पैसे भरून मिळणारं, बोनस वाचवणारं अ‍ॅड-ऑन घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.) म्हणून तर एजंटच सांगतात, 'साहेब, छोटं काम आहे, खिशातून करून टाका.'

थर्ड पार्टीचं, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचं, तर विचारूच नका. तो दर सरकार ठरवतं आणि खासगी कारसाठी बघतं फक्त इंजिन. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७. वर्षानुवर्षं सांभाळून चालवणाऱ्या मास्तरीणबाई आणि रात्री त्र्यंबक रोडला शर्यत लावणारं पोरगं, दोघांची गाडी एकाच गटातली असेल तर दोघांना रक्कम सारखीच. मला सगळ्यात खटकतं ते हे. कारण गाडीखाली आलेल्या माणसाच्या घरच्यांना भरपाई जाते ती याच थर्ड पार्टीच्या पैशातून. म्हणजे त्या पोराच्या बेदरकारपणाचा खर्च आपण सगळे मिळून उचलतो, आणि त्याला त्याची खबरही नसते.

माझा आतेभाऊ कॅलिफोर्नियात असतो. तिथे लोकांनीच १९८८ साली मतदानाने कायदा केला, की प्रीमियम ठरवताना सगळ्यात जास्त वजन चालवणाऱ्याच्या रेकॉर्डला. ओव्हरस्पीडचं साधं तिकीट मिळालं तरी लायसन्सवर एक पॉइंट चढतो आणि तीनेक वर्षं तो प्रीमियममध्ये टोचत राहतो. तीन वर्षांत एकाहून जास्त पॉइंट झाले की चांगल्या ड्रायव्हरची निदान २० टक्के सूट जाते. सुटकेची वाटही ठेवलीय: दीड वर्षातून एकदा ट्रॅफिक स्कूलचा कोर्स केला, की साध्या गुन्ह्याचा पॉइंट विमा कंपनीला दिसत नाही. पण पॉइंट असतो माणसावर, गाडीवर नाही.

आपल्याकडेही असा विचार झालाय. जानेवारी २०२१ मध्ये आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, एका गटाने सुचवलं होतं, की वाहतूक नियम मोडण्याचा वेगळा प्रीमियम घ्यावा आणि सुरुवात दिल्लीत करून बघावी. दारू पिऊन चालवलं तर १०० गुण, चुकीच्या पार्किंगला १०, अशी रचना. कल्पना मला पटते. पण मसुद्यात गुण गाडीवर चढत होते आणि पैसे मालकाने भरायचे होते, चालवणारा कुणीही असो. नवी गाडी घेतली की पाटी कोरी, जुनी विकली की घेणाऱ्याचा हिशेब नव्याने सुरू. ज्याला दर चार वर्षांनी गाडी बदलणं परवडतं, त्याला शिक्षा कसली? आणि अंबडला कामावर जाणाऱ्या ज्या माणसाची गाडी घरातले चौघे चालवतात, त्याने मात्र चौघांचं भरायचं!

माझं म्हणणं, गुण लायसन्सवर टाका. कॅमेऱ्याला दिसते ती नंबर प्लेट, चालवणारा कोण ते कळत नाही, ही अडचण खरी आहे. मग मालकाला ठरावीक मुदत द्या, चालवणाऱ्याचं नाव सांग नाहीतर तुझ्या नावावर धरू. चुकीचं चलान आलं तर तक्रार निकाली निघेपर्यंत तो गुण मोजायचा नाही, हे मात्र लेखी पाहिजे. दुसऱ्याच गाडीचं चलान आपल्या मोबाइलवर आलेले लोक तुमच्याही ओळखीत असतील.

२०२२ पासून 'जसं चालवाल तसं भरा' अशी अ‍ॅड-ऑन द्यायला कंपन्यांना परवानगी आहे, पण ती ऐच्छिक. बेफाम चालवणारा स्वतःहून कशाला घेईल?

आणि पार्किंगचे ते १० गुण. मेन रोड, रविवार कारंजा, शालिमार इथे सणासुदीला गाडी कुठे लावायची हे आधी महापालिकेने दाखवावं, मग खुशाल मोजावेत. सिग्नल, राँग साइड, दारू आणि मोबाइल कानाला लावून चालवणं, एवढ्यावरच सुरू केलं तरी माझी तक्रार नाही. आमच्या घरातल्या दोघांचा प्रीमियम त्याने वाढेल, पण ती नावं इथे लिहीत नाही, पोस्ट ते वाचतात.