दान दिलं, पण आणलं कुठून?

सकाळपासून तालुक्याच्या ग्रुपवर एकच फोटो फिरतोय. शाल, श्रीफळ, मागे बॅनर आणि मधोमध शहरातले एक बडे संग्राहक. जुन्या वस्तू दिल्या, वर रोख देणगी दिली, संग्रहालयाच्या दालनाला त्यांचं नाव लागलं. खाली सगळ्यांनी हात जोडलेत. मला जोडवेनात.

कारण आमचा नंदी. अस्सल सागवानाचा, खाली चार चाकं, पणजोबांनी गावातल्याच सुताराकडून करून घेतलेला. डावं शिंग निखळलं तेव्हा आजोबांनी पितळी पट्टी ठोकून बसवलं होतं. तिचा एक खिळा वर राहिला होता, त्यावर आम्हा सगळ्या पोरांची बोटं खरचटलीत. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, त्याला ओढत घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागायचा. मग एका नापिकीच्या साली जीपमधून एक माणूस आला. "आजी, पडूनच तर आहे." आजी म्हणाली, "न्या बाप्पा, बियान्याचं तं भागन." कपाशीच्या दोन थैल्यांचे पैसे टेकवून तो नंदी घेऊन गेला.

पुढे शहरातल्या एका प्रदर्शनात तो काचेआड दिसला. पट्टीवरूनच ओळखला. खाली पाटी: 'लाकडी बैल, मध्य भारत'. त्याखाली ठळक अक्षरात संग्राहकाचं नाव. गाव नाही, सुतार नाही, आजी तर नाहीच. आमच्या गावाला नाव नाही का हो?

घरी राहिला असता तर वाळवीनं खाल्ला असता, हे मान्य. पण वाळवीपासून वाचवलं म्हणून नावही पुसायचा हक्क मिळतो का?

सगळेच संग्राहक तसे नसतात. पुण्याच्या दिनकर केळकरांनी जन्मभर दिवे, अडकित्ते, दारं गोळा केली, पुढे सगळं राज्य सरकारच्या हवाली केलं, आणि संग्रहालयाला नाव दिलं ते गेलेल्या लेकराचं, राजाचं. ते संग्रहालय पाहताना माझे डोळे भरून आले होते. अशी माणसं नसती तर आपल्या आज्यांच्या हातातल्या वस्तू आज कुठेच दिसल्या नसत्या, हे मी मनापासून म्हणते.

पण दुसरीही बाजू आहे. न्यूयॉर्कचा कलावस्तूंचा व्यापारी सुभाष कपूर. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथन गावच्या देवळातून चोरलेला नटराज त्यानं २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाला ५० लाख डॉलरला विकला. २०११ मध्ये तो पकडला गेला, २०१४ मध्ये नटराज परत आला. हाच माणूस मोठमोठ्या म्युझियमांना वस्तू दानही करायचा! दानशूर म्हणून नाव झालं की बाकीच्या मालाकडे कोण संशयानं बघतं?

आमचा नंदी चोरीचा नव्हता, ठाऊक आहे मला. आजीनं स्वतःच्या हातानं दिला. पण पेरणी तोंडावर आलेल्या बाईला "पडूनच तर आहे" म्हणणं याला मी सौदा म्हणत नाही, अडवणूक म्हणते. १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर नेऊ देत नाही, पण घरमालकिणीला भाव काय दिला हे तो विचारत नाही. मग संस्थेनं विचारायला नको? पैशाची गरज आहे म्हणून डोळे मिटायचे? नाव उतरवताही येतं. ज्यांच्या कंपनीच्या वेदनाशामक औषधाच्या व्यसनातून लोक मेले, त्या देणगीदार सॅक्लर कुटुंबाचं नाव लोकांच्या निषेधानंतर पॅरिसच्या लुव्र संग्रहालयानं २०१९ मध्ये उतरवलंच ना!

फोटोतल्या त्या गृहस्थांशी माझं वैर नाही. त्यांनी सगळं रीतसर घेतलंही असेल. मग सांगायला काय हरकत आहे?

माझ्या यादीतले जे त्या संग्रहालयाच्या समितीवर आहात, त्यांना हात जोडून सांगते. दालन उघडण्याआधी प्रत्येक वस्तूपुढे लिहा: कोणत्या गावची, कोणाच्या घरची, कितीला घेतली. त्यांना आठवत नसेल तर त्यांच्यासोबत गाडीत बसा, गावं फिरा, म्हाताऱ्यांना विचारा. आणि त्या घरांतल्या लोकांना उद्घाटनाला बोलवा, पहिल्या रांगेत खुर्ची द्या.