"साठीनंतर वजन उचलू नका" हा मेसेज पुढे पाठवू नका, प्लीज

"साठीनंतर ऑपरेशन झालं की तीन महिने पूर्ण आराम, वजन अजिबात नको, बीपी वाढतं, आणि या वयात स्नायू वाढतच नाहीत, नंतर रोज चाललं की पुरे" असा मेसेज फॅमिली ग्रुपवर फिरतोय. माझ्या मावशीच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, तिने तो वाचला आणि फिजिओने दिलेल्या पायाला बांधायच्या अर्ध्या किलोच्या पट्ट्या सोडून कपाटात ठेवल्या. संताप आला म्हणून लिहितेय.

सगळ्यात घातक ते "पूर्ण आराम". 2007 साली जामा या मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, धडधाकट माणसं, सरासरी वय 67, त्यांना फक्त 10 दिवस बेडवर ठेवलं. तेवढ्यात दोन्ही पायांचं मिळून जवळपास 1 किलो मांस गेलं आणि गुडघा सरळ करायची ताकद 15 टक्क्यांच्या आसपास घटली. ना फ्रॅक्चर, ना ऑपरेशन, नुसतं पडून राहून! मग जिचा पाय आधीच दुखतोय, जेवण धड जात नाही अशा बाईला तीन महिने झोपून राहा सांगणं म्हणजे तिला कायमचं अंथरुणाला खिळवणं आहे. वर बेडसोर, पायात रक्ताच्या गाठी, छातीत कफ हे वेगळंच.

स्नायू वाढत नाहीत म्हणे. 1990 साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या माणसांना 8 आठवडे पायांचा व्यायाम दिला, ज्या 9 जणांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. तिथे वजनं जड होती आणि सतत देखरेख होती, पण नव्वदीतही स्नायू तयार होतो हे तर दिसलं ना? हलकं वजनही चालतं, फक्त सावकाश उचलायचं, सावकाश खाली आणायचं, शेवटच्या दोन-तीन वेळा पाय थकला पाहिजे, आणि सोपं वाटायला लागलं की फिजिओला सांगून वाढवायचं.

बीपीचं थोडं खरंय, तेवढं मान्य. श्वास रोखून जोर लावला की बीपी चढतं, म्हणून उचलताना मोठ्याने आकडे मोजायचे, श्वास आपोआप सुटतो. बीपी कंट्रोलमध्ये नसेल, छातीत दुखत असेल किंवा सर्जनने पायावर भार देऊ नका सांगितलं असेल तर आधी डॉक्टर.

आणि "रोज चाललं की पुरे" हे शेवटचं वाक्य. चालणं हवंच, पण कमोडवरून उठायला, बसची पायरी चढायला मांडीत जो जोर लागतो तो नुसत्या चालण्याने येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 65 च्या पुढच्यांना चालण्याबरोबर आठवड्यातून किमान 2 दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलाय.